सातव्या पायरीवरचा शनिवार

लंडनला मुलाकडे-मुलीकडे महिनाभर राहायला गेलेल्या मराठी पाहुण्यांच्या कार्यक्रमात फुटबॉल असलाच, तर तो एखाद्या बड्या स्टेडियमच्या ‘टूर’पुरता असतो. रिकाम्या खुर्च्या, रिकामी ड्रेसिंग रूम, प्रशिक्षकाच्या जागी बसून काढलेला फोटो आणि बाहेर पडताना वाटेतच उभं केलेलं दुकान. प्रत्यक्ष सामन्याचं तिकीट सहजी हाती लागत नाही आणि लागलंच, तर किंमत ऐकून माणूस रुपयांचा गुणाकार करत बसतो. या मंडळींना माझं सांगणं असं की त्यापेक्षा एक शनिवार मोकळा ठेवा, व्हिक्टोरिया स्टेशनवर गाडीत बसा आणि तासाभरावरच्या लुईसला उतरा. फुटबॉलचा सामना उभा कसा राहतो, हे तिथे हाताच्या अंतरावरून पाहता येतं. मोठ्या स्टेडियममध्ये नेमकं तेवढंच झाकलेलं असतं.

लुईस हे ससेक्समधलं, टेकड्यांमध्ये वसलेलं जुनं गाव. ब्रायटनहून पूर्वेकडे निघालेल्या गाडीला वाटेत फाल्मर लागतं. तिथे प्रीमिअर लीगमधल्या ब्रायटनचं तीस हजारांहून अधिक प्रेक्षकांचं स्टेडियम आहे. त्याच्या पुढचंच स्टेशन लुईस, आणि तिथल्या मैदानाची क्षमता आहे तीन हजार. गाडीने काही मिनिटांचं अंतर. फुटबॉलच्या उतरंडीत मात्र सहा पायऱ्यांचं.

ही उतरंड आधी समजून घ्यायला हवी, नाहीतर आपण काय पाहतोय ते कळायचं नाही. सर्वांत वर प्रीमिअर लीगचे २० क्लब. त्याखाली प्रत्येकी २४ क्लबांचे तीन विभाग. हे झाले ९२. या ९२ मैदानांवर एकेक सामना पाहून झालेल्यांचा एक क्लबच इंग्लंडमध्ये आहे, इतका हा आकडा तिथल्या माणसांच्या डोक्यात पक्का बसलेला. त्यांच्याखाली जे काही आहे ते सगळं ‘नॉन-लीग’. पाचवी पायरी साऱ्या देशाची मिळून एक. सहावीचे दोन भाग, उत्तर आणि दक्षिण. सातवीचे चार, आठवीचे आठ. जसजसं खाली यावं तसतसा भूगोल आकसत जातो, आणि त्याचं कारण प्रवासखर्च. ज्या संघाचा गोलरक्षक सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचा आहे, त्याला शनिवारी देशाच्या दुसऱ्या टोकाला पाठवणं कुणालाच परवडत नाही. मैदानावर जिंकलं की वर, हरत राहिलं की खाली, हा नियम मात्र पार तळापासून शेंड्यापर्यंत एकच. म्हणजे कागदोपत्री तरी लुईस आणि लिव्हरपूल एकाच जिन्यावर उभे आहेत.

लुईसचा पुरुष संघ २०१८ मध्ये बढती मिळवून सातव्या पायरीवर, इस्थमियन लीगच्या प्रीमिअर विभागात आला. ही लीग १९०५ची. सुरुवातीच्या काळात इथे विजेत्याला ना चषक मिळे ना पदक. मान मिळाला तेवढा पुरे, अशी भूमिका. पैसे न घेता खेळणारा हौशी आणि पैसे घेणारा व्यावसायिक हा अधिकृत भेद इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १९७४ मध्ये रद्द केला. आज या पायरीवरचे खेळाडू अर्धवेळ व्यावसायिक असतात. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सराव, शनिवारी सामना, कधी आठवड्याच्या मध्ये आणखी एक, आणि उरलेल्या वेळात नोकरी. कुणी शाळेत शिकवतो, कुणी वायरिंगची कामं घेतो. इथून वर जाता येतं का, असं विचारलं की लोक जेमी वार्डीचं नाव सांगतात. कारखान्यात काम करत स्टॉक्सब्रिजसारख्या छोट्या क्लबकडून खेळणारा हा गडी २०१६ मध्ये लेस्टरबरोबर प्रीमिअर लीगचा विजेता झाला. पण सारखं त्याचंच नाव निघतं, यावरून अशी नावं किती थोडी आहेत तेही कळतं.

शनिवारचा सामना दुपारी तीनला. ही वेळ कारखान्यांच्या जमान्यातली. १८५०च्या कायद्याने कापडगिरण्यांतलं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबू लागलं आणि मोकळी झालेली दुपार पुढे फुटबॉलने व्यापली. आजही शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये सहसा कुठल्याच फुटबॉल सामन्याचं टीव्हीवर थेट प्रक्षेपण होत नाही. घरबसल्या मोठा सामना दिसला तर छोट्या मैदानांकडे कोण फिरकणार, या भीतीपोटी ही बंदी १९६०च्या दशकापासून चालत आलेली आहे. परदेशात बसलेला प्रेक्षक तेच सामने मजेत पाहत असतो. पुण्यात दिसणारा सामना मँचेस्टरमध्ये दिसत नाही, हा विनोद खराच आहे. तरीही ही बंदी टिकावी असंच मला वाटतं.

निघण्याआधी क्लबची ताजी सूचना तेवढी पाहून घ्या. पाऊस झाला असेल तर रेफरी येऊन मैदानाची पाहणी करतो. चेंडू टाकून बघतो, तो उसळतो की चिखलात रुतून बसतो ते पाहतो, बुटाची टाच दाबून पाणी वर येतं का ते तपासतो आणि गरज पडली तर सामना पुढे ढकलतो. मोठ्या क्लबांच्या हिरवळीखाली गरम पाण्याच्या नळ्यांचं जाळं असतं. इथे जमीन आणि आभाळ यांचं काय ठरेल ते. जानेवारीत तर गाडीचं तिकीट आदल्या दिवशी काढूच नये.

स्टेशनमधून बाहेर पडून चार-पाच मिनिटं चाललं की मैदान आलं. नाव ‘ड्रिपिंग पॅन’. १८८५ मध्ये क्लब स्थापन झाला तेव्हापासून तो इथलाच. मैदान चहूबाजूंनी उंच आणि मध्ये परातीसारखं खोल आहे. शेजारी संत पॅनक्रासच्या मठाचे अवशेष आहेत. अकराव्या शतकातला हा मठ; आठव्या हेन्रीच्या काळात, १५३८ च्या सुमारास पाडला गेला. मठातले भिक्षू या खड्ड्यात मीठ पिकवत आणि खणलेली माती टाकूनच पलीकडचं टेकाड उभं राहिलं, असं गावात सांगतात. इतिहासकार या कथेवर सही करायला तयार नाहीत. खड्डा मात्र खरा आहे, आणि सामना पाहायला तो झकास. एका बाजूला बसायचा स्टँड. गोलांमागे उभं राहून पाहायच्या पायऱ्या. उरलेल्या बाजूला गवताचा उतार, वरून हिंडत पाहावं असा. त्या काठावर समुद्रकिनारी असतात तशा लाकडी खोपट्यांची एक रांग आहे. मोठ्या क्लबांत काचेआडच्या आलिशान खोल्या भाड्याने देतात ना, त्यांचा हा लुईसचा अवतार. आत चार-सहा खुर्च्या, समोर पूर्ण मैदान.

आत जाताना लोखंडी फिरतं दार ढकलावं लागतं, एका वेळी एकच माणूस. तिकीट साधारण बारा-पंधरा पौंडांच्या आसपास, मुलांना फुकट किंवा नाममात्र. तुलनेसाठी सांगतो: प्रीमिअर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी २०१६ पासून ३० पौंडांची कमाल मर्यादा घातलेली आहे, आणि ती सवलत समजली जाते. तिकिटावर खुर्चीचा क्रमांक शोधू नका. जिथे आवडेल तिथे उभं राहायचं, कंटाळा आला की दुसरीकडे जायचं. दारावर बसलेला माणूस, कार्यक्रमपत्रिका विकणारा, चहाच्या टपरीवरची बाई, चकाकत्या पिवळ्या जाकिटातले स्वयंसेवक यांतले बहुतेक जण पगारी नाहीत. कुणाचा मुलगा इथल्या लहान मुलांच्या संघात खेळतो, कुणी निवृत्तीनंतर शनिवार इथे द्यायचं ठरवलेलं. गर्दी काही शे ते हजाराच्या घरात. दुसऱ्या अर्धात तो आकडा ध्वनिक्षेपकावरून जाहीर होतो आणि खजिनदाराचा जीव भांड्यात पडतो किंवा टांगणीला लागतो.

पाठीराखे इथे मालकही आहेत. २००८ मध्ये लुईसचा संघ पाचव्या पायरीपर्यंत चढला होता. त्या उंचीवर टिकायला लागणारा पैसा क्लबकडे नव्हता. वर्षभरात घसरण झाली, देणी थकली आणि क्लब बुडतो की काय अशी वेळ आली. तेव्हा, २०१० मध्ये, क्लबच्या १२५ व्या वर्षी काही पाठीराख्यांनी तो ताब्यात घेतला आणि सहकारी धर्तीच्या संस्थेत त्याचं रूपांतर केलं. वर्षाला ठरावीक रक्कम भरून कुणीही सभासद-मालक होऊ शकतं. जास्त पैसे दिले तरी मत एकच. संचालक मंडळ हे मालक निवडून देतात. साखर कारखान्याच्या निवडणुका पाहिलेल्या आपल्यासारख्यांना यातल्या कुरबुरी समजावून सांगायला नकोत. सभेत प्रशिक्षक बदलण्यापासून बर्गरच्या पावापर्यंत सगळ्यावर बोललं जातं. कोल्हापूरकरांना तर संघ आपला असतो म्हणजे काय, तेही सांगायला नको. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम किंवा शिवाजी तरुण मंडळ उतरतं तेव्हा अख्खी पेठ मैदानात असते. तिथे ते नातं पेठेत जन्मल्याने मिळतं. लुईसमध्ये ते कागदावर लिहून, मतदानाच्या हक्कासकट मिळतं, आणि जगाच्या पाठीवर कुठेही राहणाऱ्याला मिळतं.

तीनच्या आधी तासभर पोचलात तर बारमध्ये जा. तिथे एखाद्या फळ्यावर किंवा कागदावर दोन्ही संघांची नावं लिहिलेली सापडतील. ही यादी रेफरीकडे गेली की मग बदल करायचा तर कारण लागतं. फळ्याभोवती जमलेली माणसं नावं वाचत नाहीत, नसलेली नावं शोधतात. कालपर्यंतचा डावा बचावपटू कुठे गेला? दुखापत की दुसऱ्या क्लबने पळवला? या पायरीवर करार छोटे असतात, अनेकदा तोंडी व्यवहारापेक्षा थोडेच पक्के, आणि खेळाडू एका हंगामात दोन-तीन क्लब फिरतात. कार्यक्रमपत्रिका घ्याच. तिची शेवटची पानं वाचण्यासारखी असतात. अशा क्लबांत प्रत्येक खेळाडूच्या जर्सीला वेगळा प्रायोजक असतो: मधल्या फळीतल्या अमक्याची घरची जर्सी गावातल्या नळ दुरुस्ती करणाऱ्याने दिलेली, बाहेरगावची कुणा आजोबांनी नातवाच्या नावाने. सामन्याच्या चेंडूलाही प्रायोजक असतो आणि त्याला मध्यंतरात हात मिळवायला बोलावतात.

बारमध्ये गावातल्याच हार्वीज या १७९० पासूनच्या दारूभट्टीची बियर मिळते. मोठ्या सामन्यांना जाऊन आलेल्याला इथे एक धक्का बसतो. लोक ग्लास हातात घेऊन थेट मैदानाच्या कठड्यापाशी उभे राहतात. १९८५ च्या कायद्याने मैदान दिसेल अशा जागी दारू पिण्यावर बंदी आली, पण ती वरच्या पाच पायऱ्यांच्या क्लबांना लागू आहे. त्याखालच्या प्रेक्षकांवर सरकारने विश्वास टाकला, आणि माझ्या पाहण्यात तरी तो वाया गेलेला नाही. काचेचा ग्लास मात्र बाहेर आणू देत नाहीत. न पिणाऱ्यांसाठी चहा, चिप्स, ‘पाय’ (सारण भरलेली पेस्ट्री) आणि गोमांसाच्या अर्काचं ‘बोव्हरिल’ नावाचं गरम पेय. शाकाहारी मंडळींनी हे शेवटचं नाव लक्षात ठेवावं. थंडीत कुणी प्रेमाने कप पुढे करतं आणि आपण काय पितोय ते विचारायचं राहून जातं.

सामना सुरू झाला की कठड्याला टेकून उभे राहा, शक्यतो मध्यरेषेपासून थोडं बाजूला. टीव्हीवर फुटबॉल वरून दिसतो, म्हणून संथ आणि सुबक वाटतो. इथे तो छातीच्या उंचीवरून दिसतो आणि आधी ऐकू येतो. दोन खेळाडूंच्या नडग्या एकमेकांवर आदळतात तो आवाज. गोलरक्षकाचं नव्वद मिनिटं अखंड चाललेलं ओरडणं: कोण मोकळा आहे, कोण मागे राहिला, रेषा वर घ्या. टीव्हीवर हा माणूस निम्मा वेळ बेकार दिसतो. प्रत्यक्षात तो संपूर्ण बचावफळी तोंडाने चालवत असतो. थ्रो-इन घ्यायला आलेला बचावपटू पाठ फिरवून तुमच्यासमोर हातभर अंतरावर उभा राहतो. दुखऱ्या स्नायूंना चोळलेल्या मलमाचा उग्र वास, बाहीला पुसलेला चेंडू, मानेवरून निघणारी वाफ. शेजारचे आजोबा त्याला नावाने हाक मारून सांगतात, तुझ्यामागे जागा मोकळी पडतेय. तो मान न वळवता म्हणतो, माहितेय. आणि पुढच्या हल्ल्यात नेमकी त्याच जागेतून धोका येतो.

रेफरी एक आणि लाइन्समन दोन. व्हिडिओवर तपासणी नाही, चेंडू रेषेपार गेला का ते सांगणारं यंत्र नाही. गोल झाला की झाला. पडद्याकडे बघत आनंद गिळून थांबायचं काम नाही. चूक झाली तर लाइन्समनच्या मागे उभी असलेली चाळीस माणसं त्याला तिची मध्यंतरापर्यंत आठवण करून देतात. त्याला सगळं ऐकू जातं, आणि ऐकू जातंय हे बोलणाऱ्यांनाही ठाऊक असतं, म्हणून टोमणे बहुधा विनोदी असतात. नेहमीच नाही. वरच्या वर्गात जाण्यासाठी धडपडणाऱ्या तरुण पंचांना या मैदानांवर जे ऐकावं लागतं, ते काही वेळा लाज वाटावी असं असतं. छोट्या क्लबांच्या कौतुकाच्या भरात हे लपवू नये.

मध्यंतर झालं की एक गंमत पाहा. यजमान आणि पाहुणे यांच्यात जाळी नाही, पोलिसांची रांग नाही. प्रत्येक गट आपला संघ ज्या गोलवर हल्ला करतोय त्या गोलमागे उभा असतो. मध्यंतरात संघ बाजू बदलतात, म्हणून प्रेक्षकही बदलतात. झेंडे काढून, ढोल उचलून दोन्ही जथे मैदानाला वळसा घालत निघतात आणि वाटेत समोरासमोर येतात. थोडी थट्टा, थोडी गाणी, चहाच्या रांगेत एकमेकांमागे. नाणेफेकीत कुठली बाजू मिळाली यावर यांची चहाची जागा ठरते. याच वेळात सोडतीची तिकिटं विकली जातात: जमलेल्या पैशातले निम्मे विजेत्याला, निम्मे क्लबला. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे दुसरा अर्ध दिव्यांच्या उजेडात. हे दिवे हौसेचे नाहीत. लीगमध्ये खेळायचं तर मैदानाला दिवे हवेत, छप्पर हवं, इतक्या खुर्च्या हव्यात, असे पायरीगणिक कडक नियम आहेत. मैदानावर बढती कमावलेल्या क्लबला खुर्च्या कमी भरल्या म्हणून ती नाकारली गेल्याचे प्रकार इंग्लंडमध्ये झालेले आहेत.

रविवारी याच गवतावर महिलांचा संघ खेळतो. २०१७ मध्ये लुईसने पुरुष आणि महिला संघांना समान अंदाजपत्रक द्यायचं ठरवलं. व्यावसायिक किंवा अर्धव्यावसायिक क्लबांमध्ये असं करणारा जगातला तो पहिलाच मानला जातो. मैदान तेच, सरावाच्या सोयी त्याच, जाहिरातीवरचा खर्च तोच. २०१९ मध्ये क्लबने फुटबॉल असोसिएशनला उघड पत्र लिहून पुरुष आणि महिलांच्या एफए कपमधल्या बक्षिसांच्या रकमेतली तफावत चव्हाट्यावर मांडली. २०२३ च्या मार्चमध्ये महिलांच्या एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीतला सामना इथे झाला, समोर मँचेस्टर युनायटेड. लुईस ३–१ ने हरलं. पुढच्याच वर्षी हा संघ दुसऱ्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत घसरला, कारण तोवर मोठ्या क्लबांनी आपल्या महिला संघांत पैसा ओतायला सुरुवात केली होती. ज्यांनी वाट दाखवली त्यांनाच त्या वाटेवरच्या गर्दीने मागे टाकलं. समान वाटप न्याय्य असतं, पण मुळात थैली लहान असली की वाटून घ्यायलाही थोडंच येतं.

सामना संपल्यावर लगेच स्टेशनकडे धावू नका. अर्ध्या-पाऊण तासात आंघोळ करून, ओल्या केसांनी खेळाडू बारकडे येतात. ज्याने पेनल्टी चुकवली तोही येतो, आणि ज्यांनी त्याला शिव्या घातल्या ते तिथेच असतात. कुणी खांद्यावर हात ठेवतं, कुणी तोंड फिरवतं. त्याच्याशी बोलायचं असेल तर बोला. फोटोसाठी पैसे पडत नाहीत.

तारीख निवडायला वाव असेल तर सप्टेंबरातला एफए कपचा शनिवार निवडा. १८७१ पासूनची ही स्पर्धा आपल्याला मे महिन्यातल्या वेम्बलीच्या अंतिम सामन्यामुळे माहीत असते. तिच्या सुरुवातीच्या फेऱ्या ऑगस्टातच अशा मैदानांवर सुरू होतात. सातव्या पायरीवरच्या क्लबला मुख्य पहिल्या फेरीपर्यंत पोचायला चार पात्रता सामने जिंकावे लागतात, आणि प्रत्येक विजयाच्या बक्षिसात क्लबचे काही आठवडे निघतात. म्हणून साखळीच्या सामन्यात निवांत असलेले गावकरी त्या दिवशी नखं खात उभे दिसतील. चारही जिंकले, तर नोव्हेंबरात एखादा बडा क्लब ड्रिपिंग पॅनवर येऊ शकतो. वरच्या पाच पायऱ्यांवरचा कुणी आला, तर मात्र १९८५ चा कायदा तेवढ्या दिवसापुरता इथेही लागू होतो आणि हार्वीजचा ग्लास बारमध्येच संपवून बाहेर यावं लागतं.